तुझा कान मराठी आहे

प्रिय मित्रा,

इंग्रजी व्याकरणाच्या सरावाच्या पेपरातली तुझी चुकलेली उत्तरं एकाखाली एक लावून पाहिली. जवळपास प्रत्येकासमोर तू लिहिलंयस, ‘हेच कानाला बरोबर वाटलं.’ गोची तिथेच आहे. तुझा कान मराठीवर तयार झालाय, आणि मराठीत जे बिनचूक तेच इंग्रजीत चूक, अशा जागा थोड्याथोडक्या नाहीत.

‘द लिस्ट ऑफ नेम्स वेअर लॉस्ट’ हे तुला खटकलं नाही. ‘नावांची यादी हरवली’ म्हणताना यादी क्रियापदाला चिकटून असते, त्यामुळे मराठीत चुकायला वावच नाही. इंग्रजीत ‘लिस्ट’ मागे राहते आणि क्रियापदाशेजारी ‘नेम्स’ येऊन बसतं. तेव्हा ‘ऑफ’, ‘इन’, ‘अलाँग विथ’ यांनी सुरू होणारा तुकडा आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर मनातल्या मनात खोडायचा. उरतं ‘लिस्ट वॉज’. ‘वन ऑफ द स्टुडंट्स हॅज’ यालाही हाच उपाय. फक्त ‘वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव’ इथे सांभाळ. हा ‘हू’ स्टुडंट्सचा आहे, ‘वन’चा नाही.

दुसरी जागा याहून फसवी. ‘रस्त्याने चालताना झाडं सुंदर दिसत होती’ या वाक्यात मराठी शिक्षकही लाल शाई वापरणार नाही. चालणारा कोण ते आपण समजून घेतो. ‘वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड लव्हली’ लिहिलंस की झाडंच चालायला लागतात. स्वल्पविरामानंतर जे नाम येतं तोच चालणारा, असा परीक्षेतला नियम आहे. म्हणून असा तुकडा सुरुवातीला दिसला की पर्यायांचे पहिले दोन-तीन शब्दच वाच आणि कर्ता जुळत नसेल तो पर्याय काढून टाक, पुढचं वाक्य कितीही देखणं असो. ‘आफ्टर रीडिंग द रिपोर्ट, मेरीज ओपिनियन चेंज्ड’ यावर तू दोनदा घसरलास. मेरी तिथे दिसते खरी, पण कर्ता ‘ओपिनियन’ आहे, आणि मत काही अहवाल वाचत नाही.

‘पाऊस आला, आम्ही परतलो’ हे आपल्याकडे चालतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत, आणि मध्ये ‘हाऊएव्हर’ घातल्यानेही जोडली जात नाहीत. अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. एक युक्ती सांगतो: दोन पर्यायांत शब्द तेच असतील आणि फरक फक्त अर्धविराम की पूर्णविराम एवढाच असेल, तर दोन्ही बाद. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. ‘जरी… तरी’ची सवयही अशीच नडते: ‘ऑल्दो’ आलं की पुढे ‘बट’ नको.

वाक्प्रयोगांना मात्र तर्क लावत बसू नकोस. ‘विषयाबद्दल चर्चा’ डोक्यात असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ येतं, ‘पेक्षा’मुळे ‘प्रिफर’पुढे ‘दॅन’ येतं. बरोबर रूपं अशी: ‘प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’, ‘रिगार्ड’ला ‘ॲज’ लागतो पण ‘कन्सिडर’ला नको, ‘फॉरबिड’ला ‘टू’, ‘प्रोहिबिट’ला ‘फ्रॉम’, ‘बिट्वीन’ला ‘अँड’. सुटा शब्द वहीत लिहू नकोस, अख्खा तुकडा लिही. पण यात किती वेळ घालवायचा ते परीक्षा बघून ठरव. जीमॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या, नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न गेलेच. डिजिटल एसएटीतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या संगणकावरच्या परीक्षेतल्या, व्याकरणाचा भर वाक्याच्या सीमा, विरामचिन्हं, क्रियापदाची रूपं आणि कर्त्याशी मेळ यांवर आहे. जुन्या जीमॅटच्या वाक्प्रयोगांच्या लांबलचक याद्या पाठ करणं म्हणजे नुसता व्याप.

प्रश्न सोडवताना वाक्याआधी पर्याय बघ. चारांत बदलतंय काय? ‘हॅज’, ‘हॅव’ असेल तर कर्ता शोध. चिन्हंच बदलत असतील तर दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे का ते तपास. ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीसह की विना, हे तर कानाला कळूच शकत नाही. तिथे ‘इट इज’ घालून वाच. सगळ्यात छोटा पर्याय निवडायची तुझी सवय वाईट नाही, पण ती शेवटी, व्याकरणात दोन पर्याय टिकले तरच. एसएटीच्या वाचन-लेखन विभागात एका मॉड्यूलला, म्हणजे एका भागाला, २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. व्याकरणाचा प्रश्न चाळिसेक सेकंदांत उरकला, तर उताऱ्यांना वेळ उरतो.

पुढचा पेपर पाठवशील तेव्हा बाद केलेल्या प्रत्येक पर्यायासमोर तीन-चार शब्दांत कारण लिही: ‘कर्ता एकवचनी’, ‘दोन वाक्यं, नुसता स्वल्पविराम’. कारण सुचलं नाही तिथे फुली मार. मी आधी फुल्याच बघेन.

तुझा,
एक शिक्षक