लंडनहून एका दिवसात समुद्र: व्हिट्स्टेबलला जा, पण ओहोटीची वेळ बघून

लंडनमध्ये मास्टर्स करताना एक दिवस निवांत घालवायला समुद्रकाठचं कोणतं छोटं गाव गाठावं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर केंट परगण्यातलं व्हिट्स्टेबल. स्टेशनातून पंधरा-वीस मिनिटं चाललं की बंदर येतं आणि मग दिवसभर कुठलंच वाहन लागत नाही. ब्रायटनही एका दिवसात होतं, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथली गर्दीच अंगावर येते.

सगळ्यात आधी ओहोटीची वेळ बघा, ट्रेनचं नंतर. गावाला लागूनच असलेल्या टँकर्टनच्या उताराखाली किनाऱ्यापासून दगडगोट्यांचा एक लांबलचक दांडा समुद्रात गेलाय. तिथले लोक त्याला ‘द स्ट्रीट’ म्हणतात. भरतीत तो पाण्याखाली असतो. ओहोटीला मात्र सुमारे अर्धा मैल उघडा पडतो आणि दोन्ही बाजूंना पाणी ठेवून त्यावरून चालत जाता येतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि ओहोटीची वेळ झाली की टोकावर न रेंगाळता मागे फिरा. भरतीचं पाणी दोन्ही बाजूंनी चढतं आणि ओढ जोरदार असते, त्यामुळे दांड्याच्या टोकाशी पोहायला अजिबात उतरू नका. भरती-ओहोटीची काही वेळापत्रकं उन्हाळ्यातसुद्धा जीएमटीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, छापलेली असतात. घड्याळ तेव्हा एक तास पुढे असतं, म्हणून त्या वेळेत एक तास मिळवायचा. हे विसरलं की गणित चुकतं. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या शनिवारी ती सोयीच्या वेळी नसेल तर सरळ पुढचा शनिवार धरा.

ट्रेन लंडनमधल्या दोन स्टेशनांवरून मिळते. व्हिक्टोरियाहून साधारण दीड तास, सेंट पँक्रसहून हायस्पीडने सव्वा तासाच्या आसपास. हायस्पीडचं तिकीट वेगळं आणि महाग असतं. साधं तिकीट घेऊन त्या गाडीत बसलात तर वरचे पैसे भरावे लागतात. निवांतच जायचं असेल तर व्हिक्टोरिया पुरे. ‘ऑफ-पीक डे रिटर्न’ मागा, म्हणजे गर्दीची वेळ सोडून त्याच दिवशी जाऊन-येऊन करायचं तिकीट. लंडनमधल्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड किंवा बँकेचं कार्ड टॅप करून व्हिट्स्टेबलपर्यंत जाता येत नाही. १६-२५ रेलकार्ड असेल तर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर पंचविशी ओलांडल्यावरही ते काढता येतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत निघालात तर जुलै-ऑगस्ट सोडून किमान भाड्याची अट लागते, म्हणजे सूट धरूनही भाडं ठराविक रकमेखाली जात नाही, म्हणून दहानंतरची गाडी बरी. तिघं किंवा जास्त जण असाल आणि रेलकार्ड नसेल तर ‘ग्रुपसेव्ह’ने तेवढीच सूट मिळते.

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. पातळ चप्पल घालून गेलात तर पाय दुखून येतील, जाड तळव्याचे बूट घाला. ऊन असलं तरी वारा न शिरणारं जॅकेट हवंच. बसायला जाड चादर घ्या आणि लाकडी बांधाच्या आडोशाला बसा, तिथे वारा अडतो. पोहायचं असेल तर भरतीच्या आसपास, कारण ओहोटीला पाणी लांब जातं आणि खाली चिखल लागतो. जोरदार पावसानंतरचे एक-दोन दिवस मात्र पाण्यात उतरू नका, कारण तेव्हा समुद्रात सांडपाणी सोडलं जाण्याची शक्यता असते.

खाण्याचं म्हणाल तर गाव कालवांसाठी (ऑयस्टर) प्रसिद्ध आहे. तिथल्या देशी कालवांचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिल. कच्ची कालवं पहिल्यांदाच खाणार असाल तर आधी एक-दोनच घ्या. शाकाहारी असाल तर चिप्स कशात तळल्यात ते विचारा. काही दुकानांत गाईची चरबी वापरतात, आणि तेल असलं तरी कढई माशांचीच असू शकते. चिप्स उघड्यावर खाताना भिंतीला पाठ लावून बसा, सीगल मागून झडप घालतात.

किनारा उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे जूनमध्ये सूर्य समुद्राच्या बाजूला मावळताना दिसतो, तोही रात्री सव्वानऊच्या सुमारास. तोवर थांबायचं ठरवलंत तर परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांची वेळ सकाळीच लिहून ठेवा. रविवारी रुळांची कामं चालतात आणि मधल्या टप्प्यात ट्रेनऐवजी बस देतात. त्यात तासभर सहज वाढतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री नॅशनल रेलच्या ॲपवर एकदा तपासा.