ड्रम नंतरचे, चाके आधीची : बैठक कुठे पाहावी?

प्रश्न : वडिलांनी जपलेली १९३० ची फोर्ड मॉडेल ए आमच्याकडे आहे. तिचे मूळचे, पेडलचा दाब सळ्यांनी चाकांपर्यंत नेणारे ब्रेक मुंबईच्या गर्दीत भरवशाचे वाटेनात, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये १९४६ च्या फोर्डचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक ड्रमांसह, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यांसह, बसवून घेतले. चाके मात्र मूळची, १९ इंची, तारांचीच ठेवली. पाचही भोके तंतोतंत जुळली. तरीही शिवाजी पार्कहून वरळी सी-फेसपर्यंत जाऊन आले की पुढच्या डाव्या चाकाचे नट ढिले झालेले सापडतात आणि वळणावर कटकट ऐकू येते. मेस्त्री म्हणतात, नट आणखी आवळा. काय करावे?
— एक वाचक, दादर

उत्तर : नट आणखी आवळू नका आणि चारही चाके उतरवून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

आपल्या गाडीची भोके जुळली यात नवल नाही. मॉडेल ए पासून फोर्डने पाच स्टडांसाठी (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या खुंट्यांसाठी) साडेपाच इंच व्यासाचे वर्तुळ ठेवले आणि मधली १९३६ ते १९३९ ही वर्षे वगळता ते १९४८ पर्यंत चालू राहिले. त्यामुळे १९३० चे चाक १९४६ च्या ड्रमावर चढते. पण चाक चढणे वेगळे आणि बसणे वेगळे.

आपले चाक हातात घेऊन मागच्या बाजूने पाहा. तारांची बाहेरची टोके रिमला जोडलेली आहेत आणि आतली टोके पत्रा दाबून केलेल्या एका वाटीला. नट या वाटीच्या मधल्या भागात बसतात, जिथे पत्रा फार जाड नाही. तारांमधून येणारा भार मात्र वाटीच्या बाहेरच्या काठाकडे जातो, आणि हा काठ टेकावा म्हणून मूळच्या ड्रमाच्या तोंडावर सपाट जागा ठेवलेली होती. १९४० नंतरचे ड्रम दाबीव पत्र्याच्या १६ इंची चाकांसाठी घडवलेले असल्याने नेमक्या त्या जागी ते मागे सरकतात. काठ अधांतरी राहतो, सगळा भार पाच भोकांभोवतीच्या पत्र्यावर येतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो पत्रा एकदा वाकून सरळ होतो. ४.७५-१९ मापाच्या टायरचा व्यास सुमारे साडेअठ्ठावीस इंच धरला, तर एका किलोमीटरला साधारण ४४० फेरे होतात. म्हणजे लोणावळ्यापर्यंतच्या ८० किलोमीटरांत पत्रा पस्तीस हजार वेळा वाकतो. नट ढिले होण्याचे कारण हेच, आणि ते आवळल्याने पत्रा आणखी आत ओढला जातो.

असा वारंवार वाकणारा पत्रा शेवटी भोकांजवळ तडकतो, म्हणून प्रथम तडा शोधावा. भोकांभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, रॉकेलने भिजवा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूत उमटून केसासारखी काळपट रेघ दिसते. माझगावच्या एका शेडमध्ये मी अशीच एक रेघ एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत गेलेली पाहिली आहे; वरून रंग चकचकीत होता आणि मालक त्याच चाकावर रॅलीला निघण्याच्या तयारीत होते. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाके निर्दोष निघाली तर उपाय अवघड नाही. वाटीचा काठ आणि ड्रमाचे तोंड यांमधली फट भरून काढणारी पोलादी रिंग लेथवर करून घ्यावी. तिची जाडी पुष्कळदा पाव इंचाच्या आसपास येते, पण ऐकीव आकड्यावर जाऊ नका. वाटीच्या काठाला मार्किंगचा निळा रंग लावून चाक हलक्या हाताने बसवा, निळा ठसा कुठे उमटतो ते पाहा आणि उरलेली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजा. नट हाताने फिरवून बसतील तेव्हा काठ नुकताच टेकलेला असावा आणि पाना लावल्यावर मधला भाग किंचित ओढला जाऊन घट्ट बसावा. रिंग जास्त जाड झाली तर मधला भाग अधांतरी राहतो आणि तडा पुन्हा तिथेच जातो. पुढच्या आणि मागच्या ड्रमांची तोंडे सारखी असतीलच असे नाही, तेव्हा मापे वेगवेगळी घ्यावीत.

रिंगच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात आणि ड्रमावर ती मध्यभागी राहील अशी पायरी लेथवरच काढून घ्यावी. बिडाच्या ड्रमाला तिला वेल्डिंग करू देऊ नका, बीड तडकते. स्टडांवर वॉशर रचून फट भरण्याची युक्तीही कोणी सुचवील. तिने काठाला कसलाच आधार मिळत नाही. ऑपेरा हाउसच्या दुकानांतून तयार स्पेसर (फट भरण्याची चकती) आणला तरी तो केवळ स्टडांच्या वर्तुळापुरता असल्याने तेच होते. शेवटी नटाने स्टडवर निदान अर्धा इंच आटे धरले आहेत याची खात्री करावी, नट समोरासमोरच्या क्रमाने ६४ फूट-पाउंडांपर्यंत आवळावेत आणि पहिल्या ५० किलोमीटरांनंतर पुन्हा तपासावेत.

प्रश्न : माझ्याही मॉडेल ए ला सळ्यांचेच ब्रेक आहेत. ते बदलून हायड्रॉलिक घ्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मी घेणार नाही. मूळचे ११ इंची ड्रम दाबीव पोलादाचे आहेत; उतारावर तापले की ते फुगून शूजपासून (ड्रमाला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांपासून) दूर जातात आणि पेडल खाली जाते, यावरूनच हे ब्रेक बदनाम झाले. त्याच नमुन्याचे बिडाचे ड्रम बसवा, सळ्यांच्या झिजलेल्या पिना आणि बुश बदला आणि शूज ड्रमाच्या गोलाईला घासून जुळवून घ्या. ड्रमाचे तोंड मूळच्यासारखेच असल्याने तारांच्या चाकांना रिंगची गरज पडत नाही.