महालक्ष्म्यांची पेटी

प्रिय चिऊ,

मैत्रिणीच्या घरी ख्रिसमसचं झाड सजवताना पेटीतून एकेक वस्तू निघते, ‘ही पणजीची, ही मावशीने आणलेली’ असं म्हणत फांदीला लागते, हे पाहून तू विचारलंस, आपल्याकडे अशी पेटी का नाही? आहे, बाळा. परभणीला आजीच्या माळ्यावर आहे. ती भाद्रपदात उघडते आणि तू आजवर डिसेंबरातच भारतात गेलीस, म्हणून तुला ती दिसली नाही.

मराठवाड्यात त्या दिवसांत घरोघरी महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. ख्रिसमस दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो, महालक्ष्म्या मात्र नक्षत्रावर येतात. अनुराधावर आगमन, ज्येष्ठावर पूजन आणि पुरणाचं जेवण, मूळ नक्षत्रावर बोळवण. म्हणून तारीख सरकते. २०२४ मध्ये त्या १० सप्टेंबरला आल्या, २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला. भाऊ चार गावांत विखुरलेले असले तरी पुष्कळ घरांत महालक्ष्म्या थोरल्याकडेच बसतात, आणि मग सगळ्यांना तिथेच यावं लागतं. दिवाळी चुकली तर कुणी फारसं बोलत नाही. महालक्ष्म्या चुकल्या तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं.

आता पेटीत काय असतं ते सांगते. तळाला दोन कोथळ्या, म्हणजे पत्र्याची किंवा पितळेची धडं. त्यांच्यावर साड्या, मग दागिन्यांचे डबे, आणि सगळ्यात वर सुती कापडात गुंडाळलेले मुखवटे. कोथळी आतून पोकळ असते. साडी आणि दागिन्यांचं सगळं वजन पुढच्या बाजूला येतं, त्यामुळे ती पुढे झुकते. म्हणून आधी आत गहू किंवा तांदूळ भरतात. धान्य कमी पडलं तर पूजेच्या दिवशी पदराला कुणाचा धक्का लागायचा अवकाश, महालक्ष्मी कलंडते.

साडी नेसवणं हे खरं कसबाचं काम. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो आणि कोथळीची कमर जमिनीपासून २०–२२ इंचांवर. म्हणजे साडी जवळजवळ निम्मी आत दुमडावी लागते, तेव्हा कुठे काठ खाली नीट दिसतो. आधी निऱ्या, त्या कमरेला सुतळीने आवळायच्या, मग पदर. जुनी पैठणी असेल तर जरीतून टाचणी घालायची नाही. एकदा तुटलेली जर पुन्हा जुळत नाही. टाचणी आतल्या रेशमी भागात लावायची, नाहीतर दोऱ्याचे दोन टाके घालायचे. आणि ठेवताना दर वर्षी घडी वेगळ्या रेषेवर मोडायची. त्याच त्या घडीवर पैठणी उभी चिरते.

दागिने साडीनंतर. गळ्याशी ठुशी, तिच्याखाली बोरमाळ किंवा पुतळ्याची माळ, शेवटी लांब चपलाहार. हा क्रम उलटा झाला तर लहान दागिने मोठ्याखाली दबून जातात. जड हार नुसते गळ्यात अडकवायचे नाहीत. त्यांचे गोंडे मागे कोथळीला बांधायचे, म्हणजे भार धडावर येतो. दोघी बहिणी असल्यामुळे वाटणी सारखी हवी. एकीला बोरमाळ दिली तर दुसरीला पुतळ्या. आजी या बाबतीत फार काटेकोर असते आणि तिचं म्हणणं मला पटतं.

बोरमाळेचे जुने मणी आतून लाखेचे असतात, वर सोन्याचा पातळ पत्रा. म्हणून ती गरम पाण्यात धुवायची नाही आणि मोठ्या दिव्याच्या झोतातही ठेवायची नाही. लाख मऊ पडली की मणी चेपतात. नथीचे मोती कुंकवाने आणि अत्तराने डागाळतात, तेव्हा आधी हळदीकुंकू वाहायचं आणि नथ शेवटी घालायची. चांदीच्या जोडव्यांना रबरबँड लावून ठेवू नये. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पितळी मुखवटे चिंचेने लख्ख होतात, पण डोळे आणि भुवया रंगवलेल्या असतात, तिथे चिंच लागू द्यायची नाही. तो भाग कोरड्या मऊ कापडाने पुसायचा.

मुखवटे मुहूर्तावरच बसतात. दारापासून कुंकवाची पावलं काढतात, सवाष्णी मुखवटे घेऊन आत येतात, मुलं ताट-चमचा वाजवतात. आधी त्यांना स्वयंपाकघर, धान्याची कोठी, कपाट असं सगळं घर दाखवतात, मग जागेवर बसवतात. ताट वाजवायचं काम तुझं.

पण तुला सगळ्यात आवडेल तो फुलोरा. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर काड्यांची चौकट छताला बांधतात आणि तिला तळलेले पदार्थ दोऱ्याने टांगतात. करंज्या, पापड्या, आणि देवीच्या साजाचं सामान म्हणून पिठाचीच वेणी, फणी, आरसा, करंडा. पाव किलो मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ. पीठ घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. खायच्या करंजीला मोहन जास्त घालतात, इथे घालायचं नाही. फार खुसखुशीत झालं की दोऱ्यापाशी तुकडा पडतो. भोक तळण्याआधीच काडीने पाडायचं, कडेपासून अर्धा इंच आत आणि जरा मोठंच, कारण तळताना ते बुजतं. मंद आचेवर कडक होईपर्यंत तळायचं. घाईने लाल केलेली फणी आत ओली राहते, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी मऊ पडून खाली येते. फुलोरा समईपासून लांब हवा, त्यात तेल असतं. बोळवणीनंतर तो पोरांमध्ये वाटतात.

पूजेच्या संध्याकाळी बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात. कुणाची आरास कशी झाली ते बघतात आणि हमखास विचारतात, ‘हा हार कुणाचा गं?’ इथेच आपलं कमी पडतंय. काही दागिने आजीच्या सासूबाईंचे आहेत, काही आत्याने सणापुरते दिलेले, एक सर मोठ्या काकूच्या माहेरचा. हे सगळं आजीला तोंडपाठ आहे, कागदावर मात्र काहीच नाही. या रविवारी तिच्याशी बोलशील तेव्हा वही घेऊन बस. प्रत्येक वस्तूचं नाव, कुणी कुणाला दिली, साधारण कधी, आणि कुठे काही तुटलं-जोडलं असेल तर तेही लिही. एकदम सगळं विचारू नकोस, ती दमते. एका वेळी चार-पाच वस्तू पुरेत. फोटो काकू पाठवेल, त्यांना तुझ्या वहीतलेच क्रमांक दे.

पुढच्या वर्षी आपण भाद्रपदात जाऊ. मुंबईहून परभणीला तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसने जाता येतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सणाच्या दिवसांचं लगेच भरतं, म्हणून बाबांनी तारीख आत्ताच पंचांगात बघून ठेवली आहे.

आणि मैत्रिणीच्या झाडासाठी काही न्यायचं म्हणत होतीस ना, तर वेणी आणि फणी करू. इथल्या हीटरच्या कोरड्या हवेत ती मऊ पडणार नाहीत. शनिवारी पीठ भिजवते, काड्या आणि लाल दोरा तू काढून ठेव.

तुझी,
आई