‘ताप डोक्यात गेला’ म्हणजे मेंदूज्वर का?

प्रश्न असा आला आहे : ‘ताप डोक्यात गेला’ म्हणतात तोच मेंदूज्वर का, आणि मेंदूज्वर म्हणजे एन्सेफलायटिस की मेनिंजायटिस?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वर्तमानपत्रांत ‘मेंदूज्वर’ दोन्हींसाठी छापतात, आणि मला ते खटकतं. एन्सेफलायटिसमध्ये खुद्द मेंदूला सूज येते, मेनिंजायटिसमध्ये त्याच्या आवरणांना. मेंदूदाह आणि मस्तिष्कावरणदाह हे शब्द जड असले तरी नेमके आहेत.

तपासतानाही नजर वेगवेगळ्या ठिकाणी जाते. आवरणांचा संशय असला की डॉक्टर रुग्णाची मान पुढे वाकवून ती ताठरली आहे का ते बघतात. मांडी पोटाकडे वाकवून गुडघा सरळ करताना पाय दुखून अडला, तर ते कर्निगचं चिन्ह. मेंदूदाहात मात्र सगळ्यात महत्त्वाची शुद्ध. हाकेला डोळे उघडतो का, घरच्यांना ओळखतो का, बोलणं जुळतंय का, वागणं एकाएकी पालटलंय का? शिवाय आकडी, एका बाजूचे हातपाय लुळे पडणं. जपानी मेंदूदाहात चेहरा निर्विकार होतो, हात कापतात, अंग ताठरतं. मान सैल आहे म्हणून मेंदूदाह नाही, असं मात्र मुळीच नाही. दोन्ही आजार एकत्रही असतात, आणि उलगडा बहुधा पाठीतलं पाणी तपासल्यावर होतो.

आता ‘ताप डोक्यात गेला’. ताप चढत चढत मेंदूत शिरत नाही. विषाणूसारख्या कारणाने मेंदूला सूज येते, ताप त्याच्या जोडीने येतो. शिवाय नुसत्या जोराच्या तापातही माणूस बरळतो; त्यालाच जुनी माणसं ‘वात झाला’, ‘वातात बडबडतोय’ म्हणतात. म्हणजे हे निदान नव्हे, लक्षणाचं वर्णन आहे. पण वर्णन म्हणून ते फार मोलाचं आहे. सरकारी आरोग्ययंत्रणा मेंदूदाहाचे संशयित रुग्ण शोधते तेव्हा हेच बघते : अचानक आलेला ताप, आणि सोबत शुद्धीत बदल किंवा नव्याने आलेले झटके. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू 1965 साली सापडला. त्याच्या साथीत तापलेलं मूल काही तासांत बेशुद्ध होऊ शकतं, म्हणून घरच्यांचं हे वाक्य कुणी हसण्यावारी नेऊ नये.

फक्त दवाखान्यात ते उलगडून सांगावं : ताप कधी आला, बरळणं कधी सुरू झालं, आकडी किती वेळ टिकली, मधल्या वेळात त्याने कुणाला ओळखलं का. नुसतं ‘ग्लानी आहे’ म्हटलं तर थकवा, झोप आणि बेशुद्धी यांतलं नक्की काय, हे डॉक्टरांना कळत नाही.