आधी स्टूल नीट कर

प्रिय मुली,

दिवाळीच्या शिवणाच्या ऑर्डरी घेतल्यापासून मान आणि कंबर धरते म्हणतेस. बामाने रात्र निघेल, पण सकाळी त्याच स्टुलावर बसायचं आहे. म्हणून आधी स्टूल बघू.

मशीनचा पाट साधारण 30 इंचांवर, आणि प्लॅस्टिकचं स्टूल जेमतेम 17-18 इंचांचं. मग कोपरं पाटाखाली राहतात आणि खांदे दिवसभर वर उचललेले. मानेच्या मुळाशी गोळा येतो तो त्याचाच. खांदे सैल सोडून कोपरं काटकोनात वाकव. हात पाटाच्या बरोबरीला यायला हवेत. तेवढी उंची फळी किंवा घडीच्या सतरंजीने वाढव. मऊ फोम नको, तो तासाभरात दबतो. मांड्या ड्रॉवरला घासायला लागल्या तर तिथेच थांब.

आता सुई नाकासमोर येईल असं बस. पाटाच्या मध्यावर बसलीस की शिवताना कंबर सतत डावीकडे वळलेली राहते, आणि हे लक्षातही येत नाही.

खूपदा मान वाकते ती डोळ्यांपायी. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही म्हणून तू पुढे झुकतेस. सुईजवळ छोटा एलईडी दिवा डावीकडून लाव, हाताची सावली पडणार नाही. हुक आणि तुरपाई करताना मांडीवर उशी घे. कापड डोळ्यांकडे आलं पाहिजे.

पायडल जड झालंय का? पट्टा जास्त घट्ट असेल, नाहीतर चाकाच्या आसाला दोरे गुंडाळले असतील. ते काढ, थेंबभर तेल घाल. त्या जडपणाचा भार गुडघ्यांवर येतो.

जमिनीवर बसून कटिंग मात्र बंदच कर. कटिंगचं टेबल उभ्याने कोपराच्या चार बोटं खाली हवं. कात्रीला धार ठेव, बोथट कात्री अंगठ्याचा सांधा खाते.

सलग दहा ब्लाउज शिवत बसू नकोस. दोन झाले की उठून इस्त्री कर, आणि इस्त्रीचं टेबल मुद्दाम चार पावलं लांब ठेव. यात वेळ जातो असं वाटेल, पण थकल्या हाताने वाकडी गेलेली बाही उसवून पुन्हा लावायला त्याहून जास्त वेळ लागतो.

रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, किंवा कंबरेची कळ पायात उतरत असेल, तर दिवाळीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखव.

स्टुलाची आणि पाटाची उंची टेपने मोजून कळव.

तुझ्या
बाई