पाच कामं सुरू, एकही संपत नाही

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचा प्रोजेक्ट, प्रवेश परीक्षेचा अभ्यास, जर्मन, डेटा ॲनालिसिसचा ऑनलाइन कोर्स आणि मित्राबरोबर बनवत असलेलं ॲप ही पाच कामं वर्षभर माझ्या टू-डू लिस्टमध्ये आहेत. रोज प्रत्येकाला थोडा वेळ देते, तरी एकही हातावेगळं होत नाही. यातलं काय सोडू? अर्धवट कामं रिझ्युमेत लिहायची का?

उत्तर : काय सोडायचं ते नंतर बघू, आधी यादी नीट लिहू. ‘ॲप बनवणे’ हे एका संध्याकाळी कुणालाच जमत नाही. त्यामुळे त्यावर टिक होतच नाही. ती ओळ रोज डोळ्यांत खुपते आणि आपण किरकोळ कामं उरकत बसतो. यादीत कामाचं नाव नको, पुढची पायरी हवी. उदाहरणार्थ, ‘चुकीचा पासवर्ड टाकल्यावर लॉगिनचं पान काय दाखवतं ते तपासणे’. तासाभराने हे झालं की नाही, ते लगेच सांगता येतं.

आता रोज सगळ्यांना थोडा थोडा वेळ देण्याबद्दल. वाटतं रास्त, पण हिशेब कर. समज, तीन कामांना प्रत्येकी 30 बैठका लागतात. एक संपवून दुसरं घेतलंस तर ती 30, 60 आणि 90व्या बैठकीला संपतात. आळीपाळीने केलीस तर 88, 89 आणि 90व्या. शेवटचं काम एका बैठकीनेही अलीकडे येत नाही, आधीची दोन मात्र उगाच लटकतात. शिवाय एकातून उठून दुसऱ्यात बसलं की डोकं मागेच राहतं. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं : आधीच्या कामाचे विचार पुढच्या कामात रेंगाळतात आणि तिथली कामगिरी खालावते.

जर्मनला हा हिशेब लागू नाही. भाषा विसरली जाते. थोडं थोडं, अंतर ठेवून केलेलं पाठांतर एका दमात केलेल्यापेक्षा टिकतं, हे स्मरणशक्तीवर प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने 1885 मध्येच दाखवलं होतं. तेव्हा जर्मन रोज वीस मिनिटं चालू दे, पण त्याहून जास्त नको.

प्रोजेक्ट आणि प्रवेश परीक्षा यांच्या तारखा तुझ्या हातात नाहीत, म्हणून मोठ्या बैठका त्यांच्याच. ॲपमध्ये मित्र तुझ्यासाठी अडून बसला असेल तेवढा भाग आधी दे, बाकीचं परीक्षेनंतर. कोर्स मात्र मी आजच थांबवला असता. व्हिडिओ बघत राहिलं की शिकल्यासारखं वाटतं, त्यात बराचसा भास असतो. थांबवतानाही नीट थांबव : कुठल्या धड्यापर्यंत आलीस, फाइल कुठे आहे, पुन्हा उघडल्यावर पहिलं काय करायचं आणि कुठल्या तारखेला, एवढं दोन ओळींत लिहून ठेव. नाहीतर परतल्यावर पहिली संध्याकाळ शोधाशोधीतच जाते.

प्रोजेक्टला किती दिवस लागतील असं तुला वाटतं? त्याची दीडपट धर. 1994 मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात 55 हून जास्त लागले. गाइडला मसुदा दाखवायची तारीख याच हिशेबाने अलीकडे घे.

रिझ्युमेत अर्धा कोर्स लिहू नकोस. कॉलेजचा प्रोजेक्ट ‘सुरू’ म्हणून, कधी पूर्ण होईल त्या महिन्यासह लिही, त्यात काही गैर नाही. जर्मनची जी पातळी परीक्षा देऊन पास केली असशील, तेवढीच टाक. ॲप पूर्ण नसलं तरी जे चालतं ते जरूर लिही, त्यात तुझा वाटा कोणता तेही लिही. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि मित्राने लिहिलेल्या कोडबद्दल विचारलं तर ‘तो भाग त्याचा’ असं सरळ सांगून टाक.