‘सादर’ झालेला अर्ज ‘दाखल’ झालेला नसतो

प्रश्न आलाय की वेबसाइटवरच्या अर्जात ‘सबमिट’च्या बटणावर ‘सादर करा’ लिहावं की ‘दाखल करा’?

‘सादर करा’. ‘दाखल झाला’ हे नंतरचं. पुण्याच्या हिंजवडी-बाणेरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत तयार होणाऱ्या मराठी अर्जांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसवतात आणि अर्थाचं वाटोळं करतात.

‘सादर’ म्हणजे स + आदर, असं शुद्धलेखनवाले छातीठोकपणे सांगतात. ‘सादर प्रणाम’पुरतं ते खरं. पण ‘सादर करणे’मधला सादर म्हणजे अरबी ‘सादिर’: निघालेला, बाहेर पडलेला. पेशवाईतल्या पत्रांत सरकारी हुकूमही सादर होतो. वरचा खालच्याला हुकूम सोडतो, त्यात आदर कुठून आला? अरबी कचेऱ्यांत ‘सादिर’ आणि ‘वारिद’ म्हणजे आपली जावक आणि आवक! ‘दाखल’ही अरबीच, आत शिरलेला. तेव्हा सादर संस्कृत म्हणून ठेवायचा आणि दाखल परका म्हणून हाकलायचा, हा भाषाशुद्धीवाल्यांचा हिशेबच चुकीचा. ‘अर्ज’ तरी कुठला आहे?

आणि हा भेद इथे तंतोतंत लागू पडतो. बटण दाबल्यावर ब्राउझरमधून माहिती निघाली, ती सादर. सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये इन्सर्ट होऊन (ओळ घातली जाऊन) कमिट (नोंद कायम) झालं, ते दाखल. मधल्या टप्प्यात बरंच काही गळतं. रकान्याला कोडमध्ये ‘नेम’ (नाव) दिलेलं नसेल किंवा तो ‘डिसेबल्ड’ (बंद केलेला) असेल तर त्यातलं काहीच निघत नाही. ‘रीडओन्ली’ (फक्त वाचता येणारा) असेल तर निघतं. टिक न केलेला चेकबॉक्सही गप्प राहतो. तीन पानी अर्जात पहिल्या पानावरचं नाव तिसऱ्यावर आपोआप जात नाही, कारण एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते, आधीची विनंती लक्षात ठेवत नाही. ते नाव हिडन (पानावर न दिसणाऱ्या) रकान्यातून पुढे न्या, नाहीतर सर्व्हरवर सेशनमध्ये, म्हणजे त्या माणसापुरत्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा. हिडन रकाना भरणाऱ्याला सहज बदलता येतो, म्हणून शुल्काची रक्कम त्यातून कधीच घेऊ नका, डेटाबेसमधून पुन्हा वाचा. सेशनलाही मुदत असते: पीएचपी या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमिंग भाषेत मूळ सेटिंग १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. कागदपत्रं शोधायला उठलेल्या माणसाचं पहिलं पान तेवढ्यात जाऊ शकतं.

‘दाखल झाला’ हा संदेश पोस्टच्याच (माहिती पाठवणाऱ्या विनंतीच्याच) उत्तरात दाखवला तर पान रिफ्रेश केल्यावर तोच अर्ज पुन्हा सादर होतो आणि टेबलात दुसरी ओळ पडते. कमिटनंतर ३०३ (‘दुसऱ्या पानावर जा’ असं ब्राउझरला सांगणारा संकेतांक) देऊन वेगळ्या पानावर न्या, आणि अर्जक्रमांकासह ‘दाखल झाला’ तिथे लिहा.